'व्हिकर'ला पाळक म्हणावं का?

टाकबोरू
इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चची माहितीपुस्तिका मराठीत आणते आहे. जुने व्हिकर, म्हणजे गावच्या चर्चचा कारभार पाहणारे पाद्री, निवृत्त झाले, गाव नव्यांच्या शोधात आहे, आणि अर्ज करू पाहणाऱ्यांसाठी गावाने आपली ओळख लिहून काढली आहे. रविवारी किती माणसं येतात, छत कुठे गळतं, व्हिकरच्या घराला किती खोल्या, शेजारची कोणती चर्चं याच व्हिकरच्या वाट्याला येतात, असं सगळं. मी 'व्हिकर'ला सरसकट 'पाळक' केलं. मसुदा तपासणाऱ्यांनी त्यावर काट मारली. 'पाळक हा आपल्या मंडळ्यांतला शब्द, तिथल्या पद्धतीला तो चालणार नाही, धर्मगुरू लिहा' असा शेरा आहे. आणखी अडलेले शब्द: लिव्हिंग, पेट्रन, इन्स्टिट्यूशन, इंडक्शन. 'उपजीविका रिक्त आहे' आणि 'आश्रयदात्याने सादरीकरण केले' ही वाक्यं मलाच वाचवत नाहीत.

वसईकर
'धर्मगुरू'ने काहीच साधत नाही. तो दर्जा झाला, पद नव्हे. वसईत प्रत्येक फादर धर्मगुरूच असतो, पण धर्मग्रामाचा कारभार ज्याच्याकडे असतो तो 'प्रमुख धर्मगुरू'. व्हिकर हे या दुसऱ्या प्रकारचं पद आहे. आणि इतकं लांब कशाला जायचं? गोव्यात हा शब्द पोर्तुगिजांमुळे रुळलेलाच आहे: पाद विगार. पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला धर्मग्राम, ती फिरगज, चर्च म्हणजे इगर्ज. 'विगार' घ्या की सरळ.

शब्दवेडी
विगार म्हटलं की गोव्यातला कॅथलिक पाद्री डोळ्यांसमोर येतो. इथे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, व्हिकर आहेत. त्यांचं लग्न झालेलं असू शकतं, 1994 पासून त्या बाई असू शकतात, आणि त्यांची नेमणूक एखाद्या ऑक्सफर्डच्या कॉलेजच्या हातात असू शकते. मला 'पाळक' पटतो. व्हिकरच्या कामाचा गाभा 'क्युअर ऑफ सोल्स' हा आहे. तिथला 'क्युअर' म्हणजे इलाज नव्हे, तर लॅटिन 'कुरा', काळजी. भाषांतरात 'आत्म्यांचा उपचार' असं छापलेलं असतं ती चूक इथली. जिवांचा सांभाळ करतो तो पाळक, यात खोटं काय?

मोडीवाचक
खोटं काही नाही, पण त्यात 'व्हिकर'चा मूळ अर्थ पार पुसला जातो. 'व्हिकारियस' म्हणजे दुसऱ्याच्या जागी काम पाहणारा. आपल्याकडे याला नेमका शब्द आहे: मुतालिक. अष्टप्रधान मोहिमेवर असले की दरबारात त्यांचं काम मुतालिक पाही. पद एकाचं, काम दुसऱ्याचं.

इंग्लंडमध्ये घडलं ते असं. पॅरिशचा मूळ धनी रेक्टर, आणि गावच्या उत्पन्नाचा दशांश त्याचा. पुढे कित्येक गावांचं रेक्टरपद मठांकडे गेलं. मठ काही गावात राहून उपासना चालवणार नव्हता, म्हणून त्याने आपला माणूस बसवला, तो व्हिकर. दशांशाची वाटणी झाली. मोठा दशांश, म्हणजे धान्य, वाळलेलं गवत आणि लाकूड, रेक्टरचा. लहान दशांश, म्हणजे लोकर, कोकरं, दूध, अंडी, फळं वगैरे, व्हिकरचा. आठव्या हेन्रीने 1536 ते 1540 या काळात मठ मोडले तेव्हा मोठा दशांश जमीनदारांकडे गेला. ते 'बिनदीक्षेचे रेक्टर', म्हणजे पाद्री नसलेले धनी, झाले, आणि वेदीकडच्या भागाच्या डागडुजीची जबाबदारीही त्यांच्याकडे गेली. ती इतकी चिवट की 2003 साली वॉरिकशरमधल्या ऍस्टन कँटलोच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने एका शेताच्या मालकांना त्या खर्चाला बांधील ठरवलं. हे सगळं 'पाळक'मध्ये कुठे दिसतं?

शब्दवेडी
दिसायची गरज आहे का? 1836 च्या कायद्याने दशांशाचं पैशांत रूपांतर केलं, 1936 च्या कायद्याने तेही संपवलं. आणि 1868 च्या कायद्याने ज्या कायम क्युरेटांना, म्हणजे व्हिकर हे नाव नसताना चर्च सांभाळणाऱ्या पाद्र्यांना, 'व्हिकर' म्हणवून घेता येऊ लागलं, त्यातल्या अनेकांच्या डोक्यावर कधी रेक्टर नव्हताच. एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या किती तरी चर्चना व्हिकर आहेत. तो मुतालिक कुणाचा? आज रेक्टर आणि व्हिकर यांच्या कामात फरक नाही. शब्दाचं मूळ आणि शब्दाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोडीवाचक
फरक कळला नाही तर गिल्बर्ट व्हाइटचं आयुष्य मराठीत लिहिता येणार नाही. हॅम्पशरमधल्या सेलबर्नचा हा निसर्गनिरीक्षक (1720–1793). मराठीत त्याला बिनदिक्कत 'सेलबर्नचा पाळक' म्हणतात. तो तिथला व्हिकर कधीच नव्हता. त्याचे आजोबा होते. नेमणुकीचा हक्क ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे, आणि व्हाइट होता दुसऱ्याच कॉलेजचा, ओरिएलचा, फेलो. त्यामुळे ज्या गावात जन्मला, ज्या गावाचा पक्षी न् पक्षी त्याने टिपला, तिथे तो क्युरेट, म्हणजे व्हिकरच्या हाताखालचा पाद्री, म्हणूनच काम करत राहिला. व्हिकरही पाळक आणि क्युरेटही पाळक केलंत तर या माणसाच्या नशिबातली गाठच नाहीशी होते.

टाकबोरू
हे उपयोगाचं आहे. मग क्युरेटला 'साहाय्यक पाळक' करू का? आणि पेट्रन?

घाटमाथा
पेट्रनसाठी 'आश्रयदाता' चुकीचाच. तो पैसे देईलच असं नाही. त्याच्याकडे असतो तो नाव पुढे करण्याचा हक्क, तिकडचा शब्द 'अ‍ॅडवाउझन'. तो बिशपकडे, राजाकडे, लॉर्ड चॅन्सेलरकडे, कॉलेजकडे, सिमियनच्या विश्वस्तांसारख्या संस्थेकडे किंवा एखाद्या घराण्याकडेही असतो. एके काळी त्याची खरेदी-विक्री होई, आता होत नाही. म्हणून 'नेमणुकीचा हक्कदार', थोडक्यात 'हक्कदार'. आणि 'प्रेझेंटेशन' म्हणजे 'नाव पुढे करणे'. 'सादरीकरण' केलं की पडद्यावर स्लाइड दिसायला लागतात.

पुस्तिकेत पुढे 'सेक्शन 11 मीटिंग' येईलच. हा 1986 च्या कायद्यातला भाग. जागा रिकामी होत असल्याची रीतसर सूचना आली की चर्चची पंचकमिटी बसते. या बैठकीला जाणारे व्हिकर, त्यांचा जोडीदार आणि हक्कदार यांना बसता येत नाही, कारण गावाला काय हवं हे गावानेच बोलायचं असतं. तिथे गावाची स्थिती, गरजा आणि उपासनेची परंपरा यांचं निवेदन ठरतं, बिनदीक्षेचे दोन प्रतिनिधी निवडतात, आणि जाहिरात द्यावी अशी विनंती करायची का, बिशप व हक्कदार यांच्यासह संयुक्त बैठक मागायची का, तेही ठरतं. ती संयुक्त बैठक कलम 12 ची. हक्कदाराने निवडलेल्या उमेदवाराला बिशपची आणि त्या दोन्ही प्रतिनिधींची संमती लागते. दोघांतला एकजण अडला तरी निवड पुढे सरकत नाही. म्हणून तिथे फक्त होकार भरणारी माणसं पाठवणं ही गावाची सर्वांत महागात पडणारी चूक. दुसरी नेहमीची चूक निवेदनात होते. तरुण हवा पण अनुभवी हवा, मुलांत रमणारा हवा पण आठही चर्चांत दर रविवारी दिसायला हवा, असं लिहिलं की विचारी उमेदवार पुस्तिका मिटून ठेवतो. छत गळतंय आणि पैसे कमी आहेत हे सरळ लिहिलेलं निवेदन जास्त चांगलं.

वसईकर
इथे 'पंचकमिटी' शब्दाला माझी पूर्ण पसंती. मराठी मंडळ्यांत तो चालतो. पण 'पॅरिश कौन्सिल' दिसलं तर सावध. इंग्लंडात 1894 पासून पॅरिश कौन्सिल ही गावाची मुलकी संस्था आहे, म्हणजे आपली ग्रामपंचायत. दिवाबत्ती, बाकडी, दफनभूमीचा काही भाग तिच्याकडे असू शकतो. चर्चची ती 'पॅरोकियल चर्च कौन्सिल'. दोन्ही एक केलंत की ग्रामपंचायत व्हिकर निवडते असा समज होईल.

सासवडकर
याच मुद्द्यावर 'मंडळी' शब्दही तपासा. आपल्याकडे मंडळी म्हणजे सभासद. तिकडे चर्च ऑफ इंग्लंडच्या पॅरिशमध्ये राहणारा प्रत्येकजण व्हिकरच्या सांभाळात येतो, चर्चला जात असो वा नसो. पॅरिशमधल्या रहिवाशाला सहसा तिथल्या चर्चमध्ये लग्न करता येतं. चर्चवॉर्डन निवडण्याच्या सभेला नुसते मतदारयादीतले गावकरीही मत देऊ शकतात. म्हणून 'मंडळी नव्या पाळकाच्या शोधात' हे चूक, 'गाव' बरोबर. टाकबोरूंनी सुरुवातीलाच 'गाव' लिहिलं आहे, ते बदलू नका.

टाकबोरू
चर्चवॉर्डनचं काय? 'वॉर्डन' म्हटलं की वसतिगृह आठवतं.

मोडीवाचक
'कारभारी'. प्रत्येक चर्चला सहसा दोन असतात, आणि जागा रिकामी असताना खरा भार त्यांच्यावरच. उपासना घ्यायला कोण येणार याची दर रविवारची जुळवाजुळव, रिकाम्या घरात थंडीत पाण्याचे नळ गोठून फुटू नयेत म्हणून त्यांतलं पाणी काढून टाकणं, विमा कंपनीच्या अटींप्रमाणे घराची पाहणी करणं, ही सगळी कामं त्यांच्याकडे. प्रभुभोजनाला दीक्षित प्रीस्ट लागतोच. तो मिळाला नाही तर सकाळची प्रार्थना बिनदीक्षेचा परवानाधारक वाचकही घेऊ शकतो. लग्न मात्र कारभाऱ्यांना लावता येत नाही.

या काळात उत्पन्नाची व्यवस्था बघणाऱ्यांना 'सीक्वेस्ट्रेटर' म्हणतात. याचं 'जप्तीदार' कुणी करू नका. मराठ्यांच्या दप्तरात शब्द आहे: वतनाचा वाद असला की ते अमानत ठेवत. तोच इथला अर्थ. जागा भरेपर्यंत अमानत.

आणि 'लिव्हिंग'ला वृत्ती. जोशीपणाची वृत्ती, उपाध्येपणाची वृत्ती. पदाबरोबर येणारी, ठरलेल्या उत्पन्नाची जागा.

शब्दवेडी
'वृत्ती रिक्त आहे' हे आज वाचणाऱ्याला गावाची मनोवृत्ती रिकामी झाल्यासारखं वाटेल. मोडी कागदांत शोभणारे शब्द 2020 नंतरच्या इंग्लंडच्या अंगावर चढवायचे कशाला? शिवाय वृत्ती वंशपरंपरागत असते, लिव्हिंग तशी नव्हती.

मोडीवाचक
वंशपरंपरा हे वृत्तीचं एक लक्षण झालं, एकमेव लक्षण नव्हे. आणि आज न कळणारा शब्द वापरलाच नाही तर उद्या तो कळणार तरी कसा? 'लिव्हिंग' हा इंग्रजीतही जुनाट झालेला शब्द आहे. जुन्याला जुनाच शब्द द्यावा.

घाटमाथा
पुस्तिका आजची असेल तर तिथे 'लिव्हिंग' क्वचितच येईल, 'बेनिफिस' येईल. तिथे 'जागा' पुरे. 2011 पासून नव्याने येणाऱ्यांना सेवाशर्तींची वेगळी व्यवस्था लागू आहे, जुना आजन्म हक्क त्यांना नाही. वतन-वृत्ती ही भाषा तिथे दिशाभूल करेल. सेलबर्नच्या अठराव्या शतकाला मात्र 'वृत्ती' शोभते. एकच शब्द दोन्हीकडे चालवायचा हट्ट सोडा.

आणखी एक पाहा, कारण पुस्तिकेत 'प्रीस्ट-इन-चार्ज' असेल तर सगळंच बदलतं. बिशप कधी कधी हक्कदाराचा हक्क काही वर्षं तहकूब ठेवतात, बहुधा चर्चं एकत्र करायचा विचार चालू असेल तेव्हा. मग व्हिकर न नेमता प्रीस्ट-इन-चार्ज नेमतात. 'प्रभारी' बरोबर, पण आपल्याकडे प्रभारी मुख्याध्यापक म्हणजे चार-सहा महिन्यांचा. इथे तो कित्येक वर्षं असू शकतो.

टाकबोरू
'इंटररेग्नम'? मी 'अराजक' लिहून खोडलं.

वसईकर
खोडलंत ते उत्तम. तिकडचेही काही जण तो शब्द टाळून 'व्हेकन्सी' म्हणतात. व्हिकर राजा नव्हे, चर्चचा राजा ख्रिस्त, आणि त्याचं राज्य खंडित होत नाही, असा त्यांचा आग्रह. 'मधला काळ' लिहा.

मोडीवाचक
शेवटचे दोन शब्द राहिले. इन्स्टिट्यूशन आणि इंडक्शन. सोहळा एकाच संध्याकाळी होतो म्हणून दोन्हीला 'पदग्रहण' करून टाकतात, पण कायद्याने ती दोन कामं आहेत. इन्स्टिट्यूशनमध्ये व्हिकर बिशपपुढे गुडघे टेकून शिक्क्याचा कागद हातात धरतो आणि बिशप त्याला सांभाळ सोपवतो. हा सांभाळ तुझा आणि माझाही, असा त्या शब्दांचा आशय. ही झाली सनद. मग आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा अधिकारी, त्याचा हात चर्चच्या दाराच्या किल्लीवर किंवा कडीवर ठेवून इमारतीचा ताबा देतो. हा दुमाला, नाहीतर कबजा. पूर्वी शेतजमीनही यात येई, 1978 मध्ये ती धर्मप्रांतांकडे गेली. ताबा मिळाला की व्हिकर स्वतः घंटा वाजवून गावाला कळवतो. जितके ठोके तितकी वर्षं टिकणार, अशी लोकांची समजूत आहे. बिशप स्वतःच हक्कदार असेल तर नाव पुढे करायला दुसरा कुणी नसतोच, तेव्हा त्या पहिल्या भागाला 'कोलेशन' म्हणतात.

शब्दवेडी
'कबजा' म्हटलं की बेकायदा कबजा आठवतो. 'ताबा' पुरे.

मोडीवाचक
कबजेदार हा सातबाराच्या भाषेतला शब्द आहे, त्यात बेकायदा काही नाही.

सासवडकर
सनद-ताबा ही जोडी मला पटली. पण मूळ प्रश्नातलं एक कुणी बोललंच नाही. नव्या व्हिकर बाई असल्या तर? 'पाळक' घेतला तर 'पाळकीणबाई' होईल, आणि आपल्या मंडळ्यांत पाळकीणबाई म्हणजे पाळकांच्या पत्नी.

शब्दवेडी
बाई असल्या तरी 'पाळक'च. 'डॉक्टर' चालतो ना?

सासवडकर
डॉक्टर चालतो, पण डॉक्टरीणबाई हा शब्दही चालतो, आणि त्याचे दोन अर्थ एकमेकांवर आदळतात. पाळकाच्या बाबतीत तर पत्नीचा अर्थ आधीच घट्ट बसलेला आहे. 'व्हिकर'ला तसा इतिहास नाही. एवढ्यासाठी तरी तो ठेवा.

टाकबोरू
पुस्तिकेत सगळीकडे 'तो किंवा ती' आहे. मराठीत 'नवे व्हिकर येतील' म्हटलं की पुरुष ठरतो, 'नव्या व्हिकर येतील' म्हटलं की बाई. शीर्षक मात्र सुटलं: 'गाव नव्या व्हिकरांच्या शोधात'. सामान्यरूपात 'नव्या' दोघांनाही चालतो. आत सगळीकडे असंच वळण कसं साधायचं ते बघते.

वसईकर
'नव्या विगारांच्या शोधात' लिहिलं तरी व्याकरण तेच राहतं.

शब्दवेडी
पण वाचणारा मडगावला पोचतो.