चर्चा: पदपथावरच सायकलींना वाट द्यावी का?

पदपथी:
पुण्यात जंगली महाराज रस्त्याचा पदपथ रुंद करून त्याच्या कडेने सायकल मार्ग आखला गेला, त्याचा पायी चालणाऱ्यांना मोठा उपयोग झाला, हे मान्य करूनच लिहितो आहे. माझा आक्षेप त्यानंतरच्या पद्धतीला आहे. जिथे रस्त्याची जागा कमी पडते तिथे आहे त्याच पदपथावर सायकलचे चित्र रंगवायचे आणि चालणारे व सायकलस्वार अशा दोघांचीही सोय झाली असे मानायचे, हे मला मुळीच पटत नाही.

चालणारा माणूस तासाला चार-पाच किलोमीटर जातो, म्हणजे सेकंदाला साधारण सव्वा मीटर. तासाला १५ किलोमीटर वेगाने निवांत चाललेली सायकलसुद्धा सेकंदाला चार मीटरहून अधिक अंतर कापते. शिवाय चालणारा सरळ रेषेत चालत नसतो. ओळखीचे कुणी दिसले की तो थबकतो, लहान मुलाचा हात सुटला की एकदम बाजूला वळतो, फोन आला की जागीच उभा राहतो. असे निर्धास्त वागता येईल अशी शहरात एवढी एकच जागा उरली आहे. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. झाडाचा पार, विजेची डीपी आणि दुकानाची पायरी वजा केली तर एवढी रुंदी आपल्या किती पदपथांवर उरते? त्यातूनही सायकलला वाटा काढायचा असेल, तर चालणाऱ्याच्या वाट्याला काही राहत नाही. सायकलला जागा द्यायलाच हवी, पण ती मोटारींच्या पार्किंगची एक रांग हटवून द्यावी.

चाकेदोन:
आपला हिशेब बरोबर आहे, पण निष्कर्ष मान्य नाही. महापालिकेने सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर केला आणि पार्किंग धोरण २०१८ मध्ये, तरीही रस्त्याकडेचे फुकट पार्किंग बहुतेक ठिकाणी जसेच्या तसे आहे. ती रांग हटेपर्यंत क्लासला सायकलने जाणाऱ्या सहावी-सातवीतल्या मुलीने काय करायचे? एका बाजूला पीएमपीची बस, दुसऱ्या बाजूला उभ्या मोटारीचे कधीही उघडणारे दार, आणि या दोहोंच्या मधल्या हातभर पट्टीतून तिने सायकल न्यायची. तिची पदपथावर कुणाशी धडक झाली तर दोघांना खरचटेल, क्वचित हाडही मोडेल, हे मी नाकारत नाही. मात्र रस्त्यावर ती बसच्या चाकाखाली आली तर पालकांच्या हाती काहीच उरणार नाही. धोक्यांची तुलना करायची असेल तर ती अशी करावी लागेल.

कोपऱ्यावरून:
आपण दोघेही पदपथावर चढणाऱ्या दुचाकींविषयी काही बोललेला नाहीत. सिग्नल लागला की त्या थेट पदपथावर येतात. त्यांना अडवायला लोखंडी खांब रोवले तर व्हीलचेअरही अडते, आणि खांबांमध्ये अंतर जास्त ठेवले तर दुचाकी सहज आत शिरते. सायकलला अधिकृत मुभा दिली की ‘मग आम्ही का नको’ असे दुचाकीवाले म्हणणार, याची मला अधिक काळजी वाटते.

वाटसरू:
माझ्या वडिलांची दृष्टी जवळजवळ गेली आहे. पदपथावरच्या पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशांवर काठी टेकत ते चालतात. लांब पट्ट्यांची फरशी लागली की पुढे चालत राहायचे आणि ठिपक्यांची लागली की थांबायचे, हे त्यांनी सरावाने अंगवळणी पाडले आहे. एका अरुंद पदपथावर मागून येणाऱ्या सायकलच्या हँडलमध्ये त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद अडकला आणि ते कोलमडले. सायकलस्वार भला मुलगा होता. त्याने घंटीही वाजवली होती. परंतु घंटी ऐकून डावीकडे सरकायचे की उजवीकडे, हे न दिसणाऱ्याला कसे कळावे? ब्रिटनमध्ये जानेवारी २०२२ मध्ये सुधारलेल्या वाहतूक संहितेत सायकलस्वारांना यासाठी स्पष्ट सूचना आहे, की चालणाऱ्यांच्या जवळून, विशेषतः मागून, वेगाने जाऊ नये आणि समोरची व्यक्ती बहिरी किंवा दृष्टिहीन असू शकते हे लक्षात ठेवावे. चाकेदोन, रस्त्यावरच्या मुलीची आपल्याला वाटणारी काळजी मलाही वाटते. पण तिला वाचवण्यासाठी माझ्या वडिलांनी घराबाहेर पडणे सोडावे, असा पर्याय आपण सुचवू नये. त्या दिवसापासून ते एकटे बाहेर गेलेले नाहीत.

चाकेदोन:
वाटसरू, आपल्या वडिलांचा अनुभव वाचून माझे म्हणणे थोडे आवरते घेतो, पण सोडत नाही. जर्मनीत निळ्या गोल फलकावर वर पादचारी आणि खाली सायकल दाखवलेली असते. तो फलक असलेल्या वाटेवरून दोघेही जातात, आणि सायकलस्वाराने आपला वेग चालणाऱ्यांच्या बेताने ठेवावा असा नियम आहे. ब्रिटनच्या २०२० च्या आराखडा-सूचना तर शहरी रस्त्यांवर दोघांना वेगळेच ठेवायला सांगतात. अपवाद म्हणून सामाईक वाट करायची झाल्यास, तासाला ३०० पर्यंत पादचारी आणि ३०० पर्यंत सायकली असतील तिथेही ती किमान तीन मीटर रुंद हवी, असे त्यांत म्हटले आहे. म्हणून लक्ष्मी रस्त्यासारख्या गजबजलेल्या ठिकाणी सामाईक वाट नको, हे मला मान्य. पण जिथे दुपारभर पदपथावर चिटपाखरू नसते आणि शेजारून डंपर धावत असतात, अशा उपनगरी रस्त्यांवर तीन मीटरची सामाईक वाट का नाकारायची?

पदपथी:
कारण तात्पुरती म्हणून दिलेली सवलत पुढे कायमची होते. जपानमध्ये रस्त्यांवरचे अपघात वाढले म्हणून १९७० मध्ये कायदा बदलून ठरावीक पदपथांवर सायकलला मुभा दिली गेली. त्यातून सायकलची जागा पदपथावरच, अशी समजूत इतकी पक्की झाली की सायकल हे वाहन आहे आणि ती मुळात रस्त्यावरून चालवायची आहे, हे तिथल्या पोलिसांना २०११ मध्ये नव्याने बजावावे लागले. रस्त्यावर सायकलसाठी सुरक्षित पट्टा मागण्याचा रेटाही अशा सवलतीमुळे ओसरतो, आणि त्यात सायकलस्वारांचेच नुकसान आहे.

तरीही उपनगरी रस्त्यांपुरते आपले म्हणणे मी दोन अटींवर स्वीकारीन. रुंदी सगळे अडथळे वजा करून तीन मीटर भरली पाहिजे, आणि बसथांबा किंवा शाळेचे फाटक आले की सायकलस्वाराने उतरून सायकल हातात धरून चालले पाहिजे.

चाकेदोन:
पहिली अट मान्य. दुसरी मान्य नाही. मागे डबा आणि दप्तर बांधलेली सायकल दर थांब्याला उतरून ढकलायला लावली, तर ती मुलगी आठवड्याभरात पुन्हा रस्त्यावरून जाऊ लागेल. त्याऐवजी थांब्यापाशी सायकलची वाट थांब्याच्या मागून वळवावी, म्हणजे बसमधून उतरणारे प्रवासी थेट तिच्यासमोर येणार नाहीत.

वाटसरू:
थांब्याच्या मागून वाट वळवणार असाल, तर थांब्याकडे जाणाऱ्या फरशांची रांग त्या वाटेला जिथे छेदते तिथे सायकलस्वाराने थांबायचे, हेही आराखड्यात लिहून घ्या. त्या ठिकाणी माझे वडील थांबणार नाहीत.