गोळ्यांनी आलेली पाळी आणि हाडं

अ‍ॅनोरेक्सियात (वजन वाढण्याच्या भीतीने खाणंच तोडण्याचा आजार) पाळी थांबते आणि हाडं कमजोर होतात. अशा वेळी गोळ्या घेऊन पाळी सुरू झाली की हाडांची काळजी मिटली, असं म्हणतात, ते मला पटत नाही. गर्भनिरोधक गोळ्यांवर दर महिन्याला येतो तो नुसता रक्तस्राव, अंडाशय झोपलेलेच असतात. उलट गोळ्यांमधून पोटात जाणारं इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक यकृतात जाऊन आयजीएफ-१ हे हाडं घडवायला लागणारं संप्रेरक कमी करतं, आणि उपासमारीने ते आधीच खाली आलेलं असतं. त्यामुळे अ‍ॅनोरेक्सियात या गोळ्यांनी हाडांची घनता फारशी सुधारत नाही. त्वचेवर लावायच्या इस्ट्रोजेनच्या पॅचचा मात्र किशोरवयीन मुलींना काहीसा फायदा झालेला दिसलाय, कारण ते इस्ट्रोजेन आधी यकृतातून न जाता थेट रक्तात उतरतं.

माझ्या बहिणीची पाळी गोळ्यांवर अशीच 'नियमित' होती, म्हणून दोन वर्षं आम्ही सगळे निर्धास्त. मग नुसतं धावताना नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला, तेव्हा कुठे हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली. (तरुण मुलींच्या रिपोर्टात झेड-स्कोअर, म्हणजे आपल्याच वयाच्या मुलींशी केलेली तुलना बघायची असते; टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण प्रौढांशी केलेली तुलना नाही. आम्ही आधी भलताच आकडा धरून बसलो होतो.) वजन वाढून गोळ्यांशिवाय पाळी परतली, त्यानंतरच घनता सावरायला लागली, तीही अजून पूर्ण नाही.