पोराला कॅमेरा घ्यायचाय, कुठला घ्यावा? (आमचा सोसायटी ग्रुप, जुळे सोलापूर)

ए-१०३: राम राम मंडळी. जाणकारांना एक विचारलालो. पोरगं बारावी झालं, आता कॅमेरा पायजे म्हणून मागं लागलंय. मिररलेसच (आत आरसा नसलेला) पायजे म्हणतंय. दुकानात जाऊन आलो. कॅननचा आर ५० किट लेन्ससकट साठ-सत्तर हजारांच्या घरात. पण दुकानदार म्हणतो, "काका, घ्यायचाच तर आर ६ मार्क टू घ्या, प्रोफेशनल आहे, परत दहा वर्षं बघायला नको." त्याची नुसती बॉडीच दोन लाखांच्या पुढं. आमचा स्वभाव तुम्हाला माहीतच आहे, एकदाच घ्यायचं पण चांगलं घ्यायचं. चादर घेताना पण आपण वजन बघूनच घेतो की.

डी-१०१ काकू: मोबाईलला काय झालं? आमच्या नातवाच्या बारशाचे सगळे फोटो मोबाईलवरच काढले.

ए-३०४ ताई: काकू, त्यातल्या निम्म्या फोटोंत बाळ कुठलं आणि दुपटं कुठलं ते कळत नाही 😄 काका, माझं ऐकाल तर सरळ निकॉन झेड ८ घ्या. ४५.७ मेगापिक्सेल. आमच्या ऑफिसातल्या एकानं घेतलाय, फोटो कितीही मोठा करा, फाटत नाही.

सेक्रेटरी: सूचना: पाण्याची पाळी उद्या की परवा ते अजून कळलेलं नाही. कळलं की टाकतो. मोटारी आत्तापासून लावून ठेवू नका.

सी-४०२ फोटोवाले दादा: ताई, झेड ८ जबरदस्तच आहे, वाद नाही. पण नुसती बॉडी ९१० ग्रॅम. त्यावर लेन्स चढवली की दोन किलोच्या आसपास. एवढ्या मोठ्या रॉ (कॅमेऱ्यातून निघालेल्या कच्च्या) फाईली काढायच्या म्हणजे कार्ड वेगळं लागतं, ते महाग. घरातला जुना लॅपटॉप त्या फाईली उघडताना रडतो, मग लॅपटॉप बदला. तुमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारा, गेल्या महिन्यात कॅमेरा किती वेळा पिशवीबाहेर काढला.

ए-३०४ ताई: विचारलं. म्हणाला, गोव्याला नेला होता. मागच्या वर्षी.

ए-१०३: म्हणजे स्वस्तातला घेऊ म्हणता?

सी-४०२ फोटोवाले दादा: थांबा काका. आधी मला सांगा, पोरगं फोटो कशाचे काढणार आहे? हे दुकानदारानं विचारलं का?

ए-१०३: नाही विचारलं. खरं सांगू तर मी पण नाही विचारलं. पक्षी-बिक्षी म्हणत होता. बी-२०१ च्या सरांबरोबर कंबर तलावावर जातो कधी कधी.

बी-२०१ सर: नमस्कार. टाइप करायला वेळ लागतो, तरी लिहितो. पोराची नजर चांगली आहे. पक्ष्यांपुरतं बोलायचं तर आर ५० चा सेन्सर (उजेड टिपणारी आतली चिप) लहान असतो ही तक्रार नव्हे, फायदा आहे. ४०० मिलिमीटरची लेन्स त्यावर ६४० सारखी लागते. आर ६ सारख्या मोठ्या सेन्सरवर तेवढाच पक्षी फोटोत आणायचा तर त्याहून लांब लेन्स पाहिजे, आणि तिची किंमत ऐकून घरातले गप्प होतात. कॅननची १००-४०० ची लेन्स आहे, ६३५ ग्रॅम फक्त. माझ्या पासष्टीतल्या खांद्याला झेपते. पक्ष्याचा डोळा शोधून फोकस करणं, जे पूर्वी मोठ्या कॅमेऱ्यांचंच काम होतं, ते आता या लहान कॅमेऱ्यांतही आलं आहे.

दुसरं म्हणजे नान्नज. माळढोकचं अभयारण्य म्हणून १९७९ पासून राखलंय, पण माळढोक आता क्वचितच. काळवीट मात्र भरपूर, थंडीत भोवत्या हा शिकारी पक्षी येतो, नशिबात असेल तर लांडगा. तिथं माळरान तापलं की साडेनऊ-दहानंतर जमिनीवरून झळा उठतात. तीनशे फुटांवरचं काळवीट पाण्यात उभं असल्यासारखं हलतं. फोटो मऊ येतो, जसा काही फोकस चुकलाय. मी आधी लेन्सला दोष दिला, मग कॅमेऱ्याला, आणि एकदा तर लेन्स दुरुस्तीला पुण्याला पाठवून बाराशे रुपये घालवले. त्यांनी "लेन्स ठीक आहे" अशी चिठ्ठी लावून परत पाठवली. ती चिठ्ठी अजून ठेवली आहे. झळांतून काढलेला फोटो दोन लाखांच्या कॅमेऱ्यातही तसाच येणार. त्यावर उपाय एकच, पहाटे उठणे.

डी-१०१ काकू: सर, बाराशे रुपये? वहिनींना माहीत आहे का?

बी-२०१ सर: आता झालं.

ए-१०३: सर म्हणतात ते पटलं. पण दुकानदार म्हणाला, अंधारात लहान कॅमेरा फोटो काढत नाही, दाणे दाणे येतात. आपल्याकडे सगळं रात्रीच असतंय की. सिद्धेश्वराच्या जत्रेचा गड्डा, वरात, गणपती.

सी-४०२ फोटोवाले दादा: दाणे येतात हे खरं. पण हिशोब बघा. मोठा सेन्सर म्हणजे क्षेत्रफळ अडीचपट. म्हणजे उजेडाचा फायदा साधारण अडीचपट. आता आर ५० बरोबर जी १८-४५ किट लेन्स येते, ती झूम केल्यावर एफ ६.३ होते (हा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). तिच्याऐवजी ५० मिलिमीटरची एफ १.८ लावा. उजेड बारापट! बॉडीवर लाख-दीड लाख जास्त घालून अडीचपट, आणि पंधरा-वीस हजारांच्या १६० ग्रॅमच्या लेन्सनं बारापट. मोठी बॉडी आणि एफ १.८ दोन्ही असतील तर दोन्ही फायदे मिळतात, ते वेगळं. पण दुकानदार दोन लाखांची बॉडी देऊन वर स्वस्तातली अंधारी लेन्स लावून देतो, तेव्हा काका, ती इस्त्रीची पँट आणि खाली स्लीपर.

आणि गड्ड्याचं शोभेचं दारूकाम? त्याला महागडी बॉडी लागतच नाही. ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ ११, शटर तीन-चार सेकंद. साठ हजारांचा आणि दोन लाखांचा फोटो शेजारी ठेवले तर मलाही ओळखू येणार नाहीत.

ए-३०४ ताई: दादा, मग तुमच्याकडे मोठा कॅमेरा का आहे? 🤔

सी-४०२ फोटोवाले दादा: बरोबर विचारलंत. सांगतो, जरा मोठं आहे.

सुरुवातीला माझ्याकडेही लहानच होता, एकच कार्ड बसायचं त्यात. एका लग्नात अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, मी धडाधड काढले. नंतर जेवणाच्या पंगतीत स्क्रीनवर बघतो तर "कार्ड वाचता येत नाही". काढलं, पुसलं, परत घातलं. तेच. रात्री दोन वाजेपर्यंत फाईली परत मिळवायच्या सॉफ्टवेअरवर बसलो. हळदीचे आले, पंगतीचे आले, अक्षतांच्या वेळचा एकही नाही. मुलीच्या वडिलांना फोन करायला दोन दिवस लागले मला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "असू द्या" म्हणाले. पैसे परत केले, पण त्यानं काय होतंय.

त्या महिन्यात कर्ज काढून दोन कार्डांची बॉडी घेतली. प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर. आर ६ मार्क टू मध्ये दोन स्लॉट आहेत, बॅटरी मोठी आहे, पावसा-धुळीला टिकणारी बांधणी आहे, हात हलला तरी आतून सेन्सर सांभाळून घेतो. जो दुसऱ्याच्या एकदाच होणाऱ्या गोष्टीचे पैसे घेतो त्यानं तोच घ्यावा. मेगापिक्सेल विचाराल तर आर ५० आणि आर ६ मार्क टू, दोन्हीकडे २४ च आहेत.

डी-१०१ काकू: अगं बाई. असं पण होतं होय.

ए-१०३ धाकटा: नमस्कार सगळ्यांना. बाबांनी हे ग्रुपवर टाकलंय ते मला आत्ता कळलं 🙈

सी-४०२ फोटोवाले दादा: ये बे ये. तूच सांग, काय काय काढणार?

ए-१०३ धाकटा: दादा, सरांबरोबर पक्षी. जानेवारीत गड्डा, नंदीध्वजाच्या उंच काठ्या रात्री रोषणाईसकट निघतात ते. आणि... तुम्ही न्याल तर लग्नाच्या सीझनला तुमच्याबरोबर यायचंय. पैसे नकोत. शिकायचंय.

ए-१०३: हे मला घरात कधी बोलला नाही.

सी-४०२ फोटोवाले दादा: मग विषय बदलला. काका, आर ५० नको.

ए-१०३: आता ओ! आत्ताच तर तुम्ही...

सी-४०२ फोटोवाले दादा: ऐका तर. आर ५० च्या डोक्यावर फ्लॅश लावायची जी पट्टी असते, तिच्यात नेहमीच्या फ्लॅशसाठीचे जुने संपर्कच नाहीत. माझे फ्लॅश, ट्रिगर (लांबून फ्लॅश उडवणारे) त्यावर थेट चालत नाहीत. मध्ये वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो. हॉलमध्ये गर्दीत धक्के बसतात, त्यात फ्लॅशखाली अजून एक तुकडा मला नको. शिवाय त्यात पूर्ण मेकॅनिकल शटर नाही.

त्याच्या एक पायरी वर आर १० आहे. सेन्सर तेवढाच, २४ मेगापिक्सेल, वजन ४२९ ग्रॅम. फ्लॅश थेट बसतो. सेकंदाला १५ फोटो मेकॅनिकल शटरनं. जोडीला अंगठ्याखाली फोकसचं छोटं दांडकं आहे, डोळा न काढता फोकस हलवता येतो. सरांच्या भोवत्याला त्याचा उपयोग. कार्ड मात्र एकच, आणि धूळ आत जाऊ नये अशी बांधणी नाही. म्हणून माझ्याबरोबर आलास तर तू रांगोळी, मेंदी, रुसलेली करवली, जेवणारी म्हातारी माणसं काढायची. अक्षता मी काढणार. तुझं कार्ड गेलं तरी कुणाचं लग्न जाणार नाही.

ए-१०३ धाकटा: चालेल दादा! नंदीध्वजाला सायलेंट मोड वापरला तर?

सी-४०२ फोटोवाले दादा: अजिबात नको. सायलेंटमध्ये शटर इलेक्ट्रॉनिक होतं, सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो. दिवे लुकलुकणारे असले की फोटोभर काळे पट्टे. गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याला दिवसा चालेल, तेव्हा ऊन असतं. आणि एक. होम मैदानावर, गड्डा भरतो तिथं, लेन्स बदलायची नाही. मिररलेसमध्ये आरसा नाही, लेन्स काढली की सेन्सर उघडाच. त्या धुळीत एकदा उघडलास तर पुढचा आठवडाभर प्रत्येक आभाळात ठिपके. घरून ५० एमएम लावून निघायचं, घरी येऊनच काढायची.

बी-२०१ सर: पैसे उरतील ते १००-४०० साठी ठेवा. ती लेन्स पुढे मोठी बॉडी घेतली तरी तशीच चालेल. लहान सेन्सरसाठीच्या खास लेन्सा मात्र ढीगभर घेऊ नका, मोठ्या बॉडीवर त्या लावल्या की फोटो कापून नऊ-साडेनऊ मेगापिक्सेलचाच मिळतो.

ए-१०३: म्हणजे आर १० किटसकट, वर ५० एमएम, वर एक जास्तीची बॅटरी. बरोबर? लिहून घेतलंय. दुकानदाराला काय सांगू?

ए-१०३ धाकटा: बाबा, मी येतो बरोबर. तुम्ही फक्त चहा प्या.

ए-३०४ ताई: आमच्या ऑफिसातला विचारतोय, त्याचा झेड ८ कुणी घेईल का 😅

बी-२०१ सर: बाळ, कॅमेरा येईल तेव्हा येईल. रविवारी नान्नजला निघतोय. पहाटे साडेपाचला गेटवर ये. माझी दुर्बीण तुझ्याकडे. आधी बघायला शीक. पाणी आणि भाकरी आण, शेंगाचटणी मी आणतो.

ए-१०३ धाकटा: हो सर, पाचलाच येतो.

सेक्रेटरी: महत्त्वाचे: पाण्याची पाळी रविवारी. पहाटे साडेपाचला येणार. एक तासच.

ए-१०३: आणि आमचं बॅरल भरणारं माणूस नान्नजला.