बारा मजले आणि एकच गच्ची: ऑफिसवरच्या सोलरचं काय खरं?

गच्चीवाला:
बाणेरला आमचं नवं ऑफिस झालं. 12 मजले, पश्चिमेला अख्खी काच, वर सोलर, दारात 'हरित इमारत' अशी पितळी पाटी. दुपारी तीनला पडदे ओढून, दिवे लावून, एसी 18 वर ठेवून आम्ही पर्यावरण वाचवतो.

हिशोब करा. मजला 10,000 चौरस फूट, गच्चीही तेवढीच. किलोवॉटला साधारण 100 चौरस फूट लागतात. कूलिंग टॉवर, टाक्या, लिफ्टची खोली वगळून 60 किलोवॉट बसले तरी डोक्यावरून पाणी. वर्षाला 90,000 युनिट. खप चौरस मीटरला 150 युनिट धरा, 12 मजल्यांचे साडेसोळा लाखांच्या वर जातात. म्हणजे शंभरातले पाच-सहा! आधी खप उतरवा. काच कमी, बाहेरून छज्जे, उत्तरेचा उजेड. सोलर मग.

सातमजली:
गच्चीवरच वीज पिकवायचा हट्ट का? सोलापूर-साताऱ्याकडची सौर-पवन वीज ओपन ॲक्सेसने, म्हणजे ग्रिडच्या तारांवरून थेट उत्पादकाकडून, घेता येते. गहू काय गच्चीत पेरता?

गच्चीवाला:
आणि रात्री दोनला हिंजवडीत अमेरिकेची शिफ्ट चालते, तेव्हा कुठला सूर्य? दिल्लीचं इंदिरा पर्यावरण भवन बघा, 2014 चं. 930 किलोवॉटचं सोलर, वर्षाला सुमारे 14 लाख युनिट. इमारत 31,000 चौरस मीटरच्या वर. वर्षभराची वीज स्वतःच पिकवायची, म्हणजे चौरस मीटरमागे जेमतेम 45 युनिटांत भागवायचं हे आराखड्यातच ठरलेलं. पॅनलही भिंतीच्या बाहेर छत्रीसारखे काढलेत.

डक्टमधला माणूस:
वीस वर्षं एसीच्या धंद्यात आहे, म्हणून बोलतो. ते सरकारी भवन. बांधणारा, वापरणारा, बिल भरणारा एकच. इथे बिल्डर बांधतो, बिल भाडेकरू भरतो. छज्ज्याचा खर्च कोण आणि का करेल? त्यात तिथले चिल्ड बीम, म्हणजे छतातल्या गार पाण्याच्या नळ्या, पुण्याच्या दमट जुलैत लावा, टेबलावर थेंब पडतील.

उंबरा:
थेंबाचं उत्तर आहे. इन्फोसिसने हैदराबादला एकाच इमारतीचे दोन भाग केले. एकात नेहमीचा, पण चांगल्यातला एसी. दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी वीज साधारण एक तृतीयांश कमी लागली. बाहेरची हवा आधी कोरडी करून आत सोडली की झालं. पाऊस हैदराबादेतही पडतो हो.

डक्टमधला माणूस:
इन्फोसिस स्वतःच्याच इमारतीत बसते. माझा मुद्दा सिद्ध केल्याबद्दल आभार.

सातमजली:
मग करारच बदला की. अमुक युनिटांच्या वर गेलं तर मालकाने सोसायचं, असं लिहून घ्या. काच आपोआप कमी होईल.

गच्चीवाला:
आमचा करार बघितला. सातनंतर एसीचा तासाचा दर आहे, पार्किंगच्या स्टिकरचा रंगसुद्धा आहे. खपाचा आकडा कुठेच नाही. मजल्याला वेगळा मीटर लावा म्हणून ॲडमिनला मेल टाकलाय. तोवर माझ्यापुरता पश्चिमेच्या काचेला थर्माकोल चिकटवला होता. सिक्युरिटीने काढायला लावला. बाहेरून एलिव्हेशन खराब दिसतं म्हणे.