भाषा बदलली आणि बफर चुकला : सिरियल पोर्टचे तुमचे अनुभव सांगा

मोंढ्यातला भुईकाटा घ्या, गावातली डेअरी घ्या नाहीतर जालन्याची रोलिंग मिल. यंत्राच्या मागून एक केबल निघून कॉम्प्युटरला जाते आणि ती बऱ्याच ठिकाणी अजूनही सिरियलच, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारी, असते. यंत्र पंधरा-वीस वर्षं तेच राहतं, प्रोग्रॅम मात्र मध्ये एकदा तरी नव्या भाषेत लिहावा लागतो. तिथंच माणूस अडकतो. वाचणाऱ्या फंक्शनला बफर, म्हणजे आलेले बाइट ठेवायची जागा, देताना तीन गोष्टी ठरतात : सुरुवात कुठून, जागा किती आणि प्रत्यक्षात बाइट आले किती. प्रत्येक भाषा यातली एखादी गोष्ट न सांगताच धरून चालते. तुमच्याकडं नेमकं काय बिघडलं आणि ते कसं सापडलं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

भुईकाटा, लातूर

आमचा जुना प्रोग्रॅम व्हीबी सिक्समधला. त्यात विंडोजचं रीडफाइल हे वाचायचं फंक्शन थेट डिक्लेअर केलेलं होतं आणि बफर म्हणून अ‍ॅरेचा पहिला घटक, बफर(०), बाय-रेफ, म्हणजे त्याचा पत्ता, दिला होता. पहिल्या घटकाचा पत्ता गेला की विंडोज तिथून पुढं बाइट भरत जातं. व्हीबी डॉटनेटमध्ये नेताना मी अख्खा अ‍ॅरे दिला, पण सवयीनं बाय-रेफ तसंच ठेवलं. इथं अ‍ॅरे हाच मुळात संदर्भ असतो. त्यामुळं बाय-रेफ केल्यावर बाइटांच्या जागेचा पत्ता न जाता, तो पत्ता जिथं ठेवलाय तिथला पत्ता गेला. प्रोग्रॅम जागीच बंद पडायचा. बाय-व्हॅल केलं, म्हणजे तो संदर्भ तसाच दिला, तरी पडतच होता, कारण जुन्या व्हीबीतला लाँग (पूर्णांकाचा प्रकार) ३२ बिटांचा आणि नव्यातला ६४ बिटांचा. डिक्लेअरमधले सगळे लाँग बदलून ३२ बिटांचे इंटिजर केले तेव्हा तो चालला.

पण बंद पडणारा प्रोग्रॅम परवडला. पुढं मी रीडफाइल काढून डॉटनेटचाच सिरियलपोर्ट वापरला. त्याच्या रीड फंक्शनला बफर, कुठून भरायचं आणि जास्तीत जास्त किती हे सांगायचं. ते परत सांगतं, किती बाइट आले. हा परत आलेला आकडा मी बघतच नव्हते. पाच मागितले म्हणजे पाच आले, असं धरून चालले होते.

एकदा ९,८६० किलोची गाडी उतरली, मागून १२,४८० किलोची सोयाबीनची चढली. बफरमध्ये आधीचं ०९८६० तसंच पडलेलं होतं. नव्या वजनाचे पहिले तीनच अंक, १२४, तोवर आले होते. मागचे ६० जुन्या गाडीचे. पावती निघाली १२,४६० ची. शेतकऱ्याचं २० किलो सोयाबीन गेलं असतं आणि आकडा इतका खरा वाटणारा, की मला कधीच कळलं नसतं. तिथल्या हमालमामांनी काट्यावरचे लाल आकडे वाचले होते. "ताई, वर ऐंशी दिसायलंय बगा," असं ते म्हणाले म्हणून सापडलं. त्या संध्याकाळी मी मागच्या सगळ्या पावत्या काढून बसले, पण मागचं ताडून बघायला काट्यावरचा आकडा कुठंच नोंदवलेला नव्हता. ती रुखरुख अजून आहे.

आता सुरुवातीची खूण करणारा बाइट दिसेपर्यंत आलेलं टाकून देते आणि शेवटचा, १३ क्रमांकाचा बाइट येईपर्यंत जमवत राहते. वाचण्याआधी बफर कोराही करते.

बीडहून प्रश्न

ताई, मग सिरियलपोर्टचं रीडएक्झिस्टिंग, म्हणजे आलेलं सगळं अक्षरांत देणारं फंक्शन, वापरून सरळ स्ट्रिंगच का नाही घ्यायची?

भुईकाटा, लातूर

अंकच येत असतील तर चालतं दादा. पण त्या सिरियलपोर्टचं ठरलेलं एन्कोडिंग (बाइटांची अक्षरं करायची रीत) अ‍ॅस्की आहे, १२७ च्या वरचा प्रत्येक बाइट प्रश्नचिन्ह होऊन येतो. कच्चे बाइट असतील तर बाइटचाच अ‍ॅरे घ्या.

दूध संकलन, उदगीर

आमचं पायथन टू मधून थ्री मध्ये गेलं. काट्याला आज्ञा पाठवताना लगेच एरर आली, की स्ट्रिंग चालत नाही, बाइट द्या. ते सोपं होतं, एन्कोड केलं. वाचतानाचं दुखणं वेगळंच निघालं. आलेल्या बाइटांतला पहिला घटक जुन्या पायथनमध्ये अक्षर होता, नव्यात तो आकडा असतो. मी त्याची तुलना अक्षराशी करत होतो. ती कधीच जुळत नव्हती आणि एररही येत नव्हती, प्रोग्रॅम नुसता वाट बघत बसायचा. पहाटे दूध घेऊन माणसं रांगेत उभी आणि स्क्रीनवर काहीच नाही. शेवटी आलेलं जसंच्या तसं छापून बघितलं, तेव्हा दिसलं.

हवामान यंत्र, परभणी

आर्डुइनो या छोट्या बोर्डवरून रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर, सी भाषेमध्ये आलो. वाचणाऱ्या फंक्शनात बफरचा आकार मोजायला साइझऑफ लावलं होतं. बफर फंक्शनात गेला की तो नुसता पॉइंटर, म्हणजे पत्ता, असतो, म्हणून ६४ ऐवजी ८ च बाइट मागितले जायचे. लांबी वेगळी पाठवली, सुटलं.

पण थंडीत दुसरंच सुरू झालं. आमचा सेन्सर तापमान एका बाइटमध्ये पाठवतो. १४, १५, १६ बरोबर यायचं. १३ झालं की स्क्रीनवर १०! आणि १७ किंवा १९ ला तर बाइटच गायब, पुढची अख्खी ओळ सरकलेली. परभणीची थंडी कडक, त्यामुळं दहावर कुणी शंकाही घेतली नाही. लिनक्स सिरियल पोर्टला टर्मिनल समजतं. १३ म्हणजे एंटर, त्याचं १० करतं. १७ आणि १९ हे 'चालू कर' आणि 'थांब' असे इशारे, ते स्वतःच गिळतं. मी ओळीची वाट बघणं बंद केलं होतं, बाकीच्या दोन सेटिंग तशाच राहिल्या होत्या. या सगळ्या सेटिंग एकदम बंद करणारं सीएफमेकरॉ फंक्शन लावल्यावर तिन्ही आकडे जागेवर आले.

रोलिंग मिल, जालना

जावामधला बाइट ऋण १२८ ते १२७ असतो. मीटर मॉडबसवर (यंत्रांनी आपसात बोलायची ठरलेली पद्धत) १,००० अंश पाठवत होता, म्हणजे वरचा बाइट ३ आणि खालचा २३२. जावानं २३२ चे उणे २४ केले, बेरीज आली ७४४. भट्टी गार झाली समजून ऑपरेटरनं तेल वाढवलं. प्रत्येक बाइट २५५ शी अँड करून (म्हणजे ० ते २५५ मध्ये आणून) घ्या, लई महत्त्वाचं आहे हे.

वाळूज

डेल्फी भाषेतलं जुनं सॉफ्टवेअर डेल्फी २००९ मध्ये कंपाइल केलं. तिथून स्ट्रिंगचं एक अक्षर दोन बाइटांचं झालं, लांबी मात्र अक्षरांत मोजली जात होती. मशिनला अर्धीच आज्ञा जायची आणि तीही प्रत्येक अक्षरामागं शून्य लावून. स्ट्रिंगच्या जागी जुन्यासारखी एकेका बाइटची अ‍ॅन्सीस्ट्रिंग केलं. जालनेकर, तुमच्या मीटरमध्ये ऋण तापमान येऊ शकतं का? येत असेल तर दोन्ही बाइट जोडून झाल्यावर चिन्ह वेगळं बघावं लागेल.

रोलिंग मिल, जालना

भट्टीवर नाही येत. पण कूलिंगच्या पाण्याला तसलाच दुसरा मीटर आहे, तो उद्याच तपासतो.