फुटलेली पाणथरी दुर्बिणीतून काढावी का?

प्रश्न:
पोटावर बोथट मार, सीटीवर पाणथरीला (प्लीहेला) ग्रेड 4 ची, म्हणजे गंभीर इजा. वरचं प्रेशर 110, पण हिमोग्लोबिन उतरतंच आहे. एम्बोलायझेशनची (धमनीत नळी घालून आतूनच रक्तस्राव बंद करण्याची) सोय नाही. दुर्बिणीतून घ्यावी का? पोट रक्ताने भरलेलं असताना दिसतं तरी कसं?

उत्तर 1:
110 हे बाहेरून रक्त देणं चालू असताना, की ते थांबवल्यावर? थांबवताच घसरत असेल तर दुर्बिणीचा विचार सोडा, पोट उघडा. टिकत असेल तर घ्या, पण ओपनचा सेट (पोट उघडायची हत्यारं) मांडून ठेवा. पोट फुगवायचा गॅस 8-10 मिमी पाऱ्याच्या दाबावर, हळूहळू सोडा; रक्त कमी असलेल्या रुग्णात 15 चा दाब महाशिरा दाबतो आणि हृदयाकडे रक्तच परतत नाही. डायफ्राम (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) फाटलेला असेल तर गॅस छातीत शिरतो. श्वासमार्गाचा दाब चढून प्रेशर पडलं की आधी पोटातला गॅस बाहेर सोडून द्या, मग छातीत नळी घाला.

उत्तर 2:
डावी बाजू 45 अंश वर ठेवून रुग्णाला पट्ट्यांनी घट्ट बांधा, म्हणजे टेबल फिरवून लगेच उताणं करता येतं. सक्शन 10 मिमीचं घ्या, 5 मिमीचं गुठळ्यांनी तुंबतं. पाणथरीला चिकटलेली गुठळी मात्र ओढू नका, तिनेच रक्त धरून ठेवलेलं असतं. आधी जठर आणि मोठं आतडं यांमधला पडदा कापून आत शिरा, स्वादुपिंडाच्या वरच्या कडेला प्लीहा-धमनी शोधून बंद करा. पाणथरी काळपट आणि मऊ पडते, तेव्हा कुठे काम सुरळीत होतं. मग खालचं टोक, जठराकडच्या छोट्या वाहिन्या, आणि शेवटी बाहेरची बाजू. हायलमला (पाणथरीत रक्तवाहिन्या शिरतात ती जागा) स्टेपलरचं पांढरं, रक्तवाहिन्यांसाठीचं कार्ट्रिज. स्टेपलरच्या जबड्यात क्लिप सापडली तर स्टेपलची ओळ नीट बसत नाही, म्हणून तिथे क्लिपा लावूच नका. स्वादुपिंडाचं शेपूट हायलमला खेटून असतं. ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्टेपलर फायर करू नका.

उत्तर 3:
पाणथरी ज्या पिशवीत घालून बाहेर काढता, ती पिशवी फाटू देऊ नका. सांडलेले तुकडे पोटात रुजतात. आतडं आणि डावा डायफ्राम पाहिल्याशिवाय बाहेर पडू नका. तिसऱ्या दिवशी ड्रेनमधलं (पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या द्रवातलं) अमायलेज तपासा, स्वादुपिंडाला इजा झाली असेल तर ते वाढतं. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लसी चौदाव्या दिवशी. रुग्ण परत येईल याची खात्री नसेल तर घरी सोडण्याआधीच द्या. आणि ताप आला तर वाट न पाहता त्याच दिवशी अँटिबायोटिक, हे नातेवाइकांना लिहून द्या.

प्रश्नकर्ता:
रक्त देणं थांबवून अर्धा तास झाला, प्रेशर 112, नाडी 96. दुर्बिणीतून घेतो, ओपनचा सेट मांडून.