मदत हवी आहे : 'ईझ'च्या (ease, आराम) कुळातले शब्द

नमस्कार मंडळी. मी आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. काल फळ्यावर 'डिसीझ' लिहिलं, तर एका मुलीने त्यातल्या 'ईझ'खाली बोटाने रेघ ओढली आणि विचारलं, "बाई, हा तोच ईझ का?" हो, तोच! जुन्या फ्रेंचमधला 'एझ' म्हणजे आराम, ऐसपैस जागा. तो नाहीसा झाला की 'देझेझ', म्हणजे अस्वस्थता. आजार हा अर्थ पुढे पक्का झाला. आपल्या 'अस्वस्थ'मध्येही बेचैनी आणि आजारपण दोन्ही आहेत, हे सांगितल्यावर वर्ग खूश झाला.

अडलंय ते 'सोपं' याच अर्थाच्या, पण वेगळ्या कुळातल्या 'फॅसाइल'पाशी (facile). लॅटिन 'फाकेरे' म्हणजे करणे, त्यावरून 'फाकिलिस', करायला सोपं. 'फॅसिलिटी' आणि 'डिफिकल्ट' त्याच घरातले. मग इंग्रजीत 'फॅसाइल' म्हटलं की उथळ, वरवरचं असा सूर का येतो? मुलांना पटेल असं कसं समजावू?

आणखी एक. 'स्टँड ॲट ईझ'ला कवायतीत 'विश्राम' आहे, पण 'इल ॲट ईझ'ला (मनातून बेचैन, संकोचलेला) काय म्हणाल? मला 'अवघडलेला' सुचतो. मांडी घालून पाय अवघडतात, पाहुण्यांत माणूस अवघडतो, गणितही अवघड असतं. याहून नेमका शब्द असेल तर कृपया उदाहरणासकट सांगा. सोमवारी तास आहे.